टूथब्रश, गाळ आणि लोणार

गाडी माझी होती म्हणून मला नेलं, हे आधीच कबूल करतो. मी बँकेत नोकरीला. वनस्पतीशास्त्राशी संबंध कॉलेजात आला तेवढाच, आणि तेव्हा शिकवणाऱ्या मॅडम आता निवृत्त होऊन तळ्यांच्या गाळामागे लागल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये त्यांना सिंदखेडराजा आणि लोणारला जायचं होतं. सोबत पीएचडी करणारा एक मुलगा, मीटरभर लांबीचे दोन पारदर्शक पाइप, रबरी बुचं, डझनभर टूथब्रश आणि डिकी भरून प्लास्टिकच्या डब्या. लोणारचं विवर अभयारण्यात येतं. तिथून चमचाभर गाळ उचलायचा तरी वनखात्याची परवानगी हवी. ती मुलाने आधीच काढून ठेवली होती, त्यामुळे माझ्याकडे फक्त स्टिअरिंग होतं.

पहिला दिवस : पुणे – जालना – सिंदखेडराजा

पहाटे पाचला निघालो. समृद्धी महामार्ग घ्यायचा नाही, असं मॅडमनी नगरच्या आधीच जाहीर केलं. त्यावरून तळी दिसत नाहीत म्हणे. जुन्या रस्त्याने दर दहा-पंधरा किलोमीटरवर 'थांब जरा' ऐकत जालना गाठलं.

चहाच्या टपरीवर माझा वर्ग झाला. आपण शोधणार ते डायटम. एका पेशीचं शैवल, पण अंगावर काचेचं घर. मराठीत यांना करंडक वनस्पती म्हणतात आणि हे नाव इंग्रजी नावापेक्षा मला जास्त आवडलं, कारण रचना खरोखर कुंकवाच्या करंड्यासारखी असते : एक खालचा भाग, त्यावर किंचित मोठं झाकण. आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आगेमागे. काच म्हणजे सिलिका, आणि तिच्यावर इतकी बारीक नक्षी की नक्षीवरूनच जात ओळखायची.

"काच कुजत नाही," मॅडम म्हणाल्या. "शैवल मरतं, तळाशी बसतं, वर पुढच्या वर्षीचा गाळ चढतो. प्रत्येक जातीची आवड ठरलेली. कुणाला आम्लधर्मी पाणी लागतं, कुणाला खारट, कुणी सांडपाण्यात मजेत राहतं. थर उलगडत गेलं की तळ्याचं पाणी कधी कसं होतं ते कळतं. तुझ्या बँकेचं पासबुकच."

पासबुकाची उपमा खास माझ्यासाठी होती. पुढच्या तीन दिवसांत ती मोडीत निघाली.

सिंदखेडराजाच्या अलीकडे एका पाझर तलावाशी थांबलो. पाणी अर्ध्यावर उतरलेलं, कडेला भेगाळलेली माती, पाण्यात चार म्हशी. मुलगा कमरेएवढ्या पाण्यात शिरला, पाइप उभा धरून गाळात दाबला, वरून बूच मारलं आणि हळूच उपसून खालचं तोंड हाताने बंद केलं. बोटाने स्ट्रॉचं वरचं तोंड दाबलं की सरबत आत अडकून राहतं, तसंच. पाइपात गाळ मात्र आला अठरा सेंटिमीटर. त्याखाली टणक मुरूम. जागा बदलली, पुन्हा तेवढाच. तिसऱ्यांदाही तेच.

शेळ्या घेऊन आलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी राहवलं नाही.

"कायले गाळ उकरून राह्यले बापा?"

मॅडमनी सांगितलं, जुना गाळ हवाय, खालचा.

"खालचा गाळ तं आमच्या वावरात गेला न! जेसीबी लावून नेला समद्यांनी. ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर."

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार. २०१७ ची सरकारी योजना. तलावाची साठवण वाढावी आणि शेताला कसदार माती मिळावी, असा दुहेरी हेतू. चांगलीच योजना आहे. पण जुनी पानं शेतात पसरून त्यावर दोनदा तूर निघालेली होती. मुलाचा चेहरा पडला. मॅडम मात्र खुश. "आजोबा, कोणत्या वर्षी नेला हो गाळ?"

आजोबांनी आकाशाकडे बघितलं. "लहान्या पोरीचं लगन झालं त्या उन्हायात. म्हंजे... एकोणीस. दोन हजार एकोणीस."

मॅडमनी वहीत लिहून घेतलं. मला नंतर कळलं की गाळाचं वय काढायला शिसे-२१० हा शिशाचा किरणोत्सारी प्रकार मोजतात. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, त्यामुळे साधारण शेवटच्या शंभर-दीडशे वर्षांचा हिशेब लागतो. शिवाय अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास जगभर पडलेल्या सीझियम-१३७ ची खूण असते. दोन्हीला प्रयोगशाळा लागते, पैसे लागतात, महिने लागतात. इथे एका लग्नात काम झालं. २०१९ च्या उन्हाळ्यात तळ खरवडला, त्यानंतर पाच पावसाळे, अठरा सेंटिमीटर. म्हणजे वर्षाला साडेतीन सेंटिमीटरहून जास्त गाळ. "एवढ्या वेगाने भरतोय तलाव," मॅडम म्हणाल्या. "हे डायटम न बघताच कळलं."

आजोबांनी मग आम्हाला वावरात नेलंच. हुरड्याचे दिवस होते. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात ज्वारीची कोवळी कणसं, भाजली की तळहातावर मळायची, फुंकर मारायची आणि कोमट दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात. मला मळताना चटके बसत होते, आजोबांच्या सुनेचे हात मात्र यंत्रासारखे चालत होते. मुलगा हुरडा खाता खाता पायाखालची काळी माती चिमटीत घेऊन डबीत भरत होता. तोही नमुनाच, म्हणाला. तलावाची हरवलेली पानं तीच.

संध्याकाळी लखुजी जाधवांची समाधी पाहिली. आठवड्यापूर्वी, १२ जानेवारीला जिजाऊ जयंती होऊन गेलेली. कमानी, फलक अजून उतरले नव्हते. त्या दिवशी इथे अफाट गर्दी असते. सोहळा बघायचा असेल तर जरूर जा. वास्तू निवांत बघायच्या असतील तर मागचा-पुढचा आठवडा धरा.

दुसरा दिवस : सिंदखेडराजा – लोणार

सकाळी धुकं. मोती तलावावर तासभर नुसते बसलो, पाइप बाहेर काढलाच नाही. जुन्या बांधणीच्या तलावाकाठी थंडीत हातात चहा असला की मॅडमसुद्धा शास्त्र बोलत नाहीत, हे पाहून बरं वाटलं.

पुढे सुलतानपूरहून वळून लोणार. पहिल्यांदा येणाऱ्यांना सांगतो, विवर लांबून दिसत नाही. सपाट माळावरून गाडी जात असते, काठावर नेऊन उभं केलं की एकदम जमीन संपते. जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचा वाडगा, तळाशी हिरवट पाणी, उतारावर झाडी. बसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं हे विवर जगातल्या दुर्मीळ विवरांपैकी. वयाबद्दल एकमत नाही. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं येतं, दुसरीने ५ लाख ७० हजार. हा फरक ऐकून मी हसलो, तर मॅडम म्हणाल्या, "हस. पण दोन्ही आकडे मोजूनच काढलेत. कोणती पद्धत कशाला फसते हे कळणं म्हणजेच अभ्यास."

दुपारनंतर धारेवर गेलो. विवराच्या काठाशी गोमुखातून बारमाही गोडं पाणी पडतं, तिथे देऊळ आहे, भाविक असतात. आमचं काम ओहोळातल्या दगडांचं. पाण्यात बुडालेले पाच-सहा दगड उचलायचे, वरचा बुळबुळीत तपकिरी थर टूथब्रशने घासून ताटलीत उतरवायचा, डबीत भरायचा. दगडावरचा तो चॉकलेटी चिकटा म्हणजे बहुतांशी जिवंत डायटम. पावसाळ्यात ओढ्यात ज्याच्यावरून आपला पाय घसरतो, तोच हा.

दगडांचे दात घासणारी तीन माणसं बघून गर्दी जमायला वेळ लागत नाही. शाळेच्या सहलीतला एक मुलगा जवळ येऊन गंभीरपणे म्हणाला, "काका, पेस्ट विसरले का?" मॅडमनी त्यालाच बसवलं, हातात ब्रश दिला आणि खिशातल्या छोट्या सूक्ष्मदर्शकातून एक थेंब दाखवला. त्याने डोळा लावला आणि ओरडला, "नावा! नावा चालल्यात!" खरोखर होडीच्या आकाराचे, सोनेरी, आपोआप सरकणारे. नॅव्हिक्युला या नावाचा अर्थच छोटी नाव. मग सगळा वर्ग रांगेत उभा राहिला आणि आमचा दीड तास गेला. प्रवासातला सगळ्यात छान दीड तास तोच.

तुम्हालाही करून बघायचं असेल तर : दगड वाहत्या, उजेडातल्या पाण्यातला घ्या, प्रत्येक ठिकाणी नवा ब्रश वापरा (आधीच्या ठिकाणचे डायटम केसांत अडकून पुढे येतात आणि सगळा गोंधळ होतो), आणि दगड होता तसा परत ठेवा. अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय काहीही नाही.

रात्री पिठलं, भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. गच्चीवर कडाक्याची थंडी. शाल गुंडाळून मॅडमनी स्कॉटलंडची गोष्ट सांगितली, ती इथे लिहायलाच हवी.

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला गॅलोवे भागात डोंगरातलं एक छोटं तळं आहे, राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड. त्या भागातल्या तळ्यांमधले मासे कमी होत गेले होते, पाणी आम्ल झालं होतं. कोण जबाबदार यावर भांडण. कुणी म्हणे कोळशाच्या धुराड्यांतून येणारा आम्लपाऊस, कुणी म्हणे नव्याने लावलेली सूचिपर्णी जंगलं, कुणी म्हणे ही जमीनच तशी. पूर्वीच्या पाण्याची मोजमापं कुणाकडे नव्हती. रॉजर फ्लॉवर आणि रिक बॅटरबी यांनी तळाच्या गाळातले डायटम मोजले आणि १९८३ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापलं. (पीएच म्हणजे पाणी किती आम्ल, किती अल्क याची मोजपट्टी : सात म्हणजे मधलं, त्याखाली आम्ल, वर अल्क.) खालच्या थरांत साडेपाचच्या आसपासच्या पीएचला राहणाऱ्या जाती, साधारण १८५० नंतर त्या घटत जातात आणि आम्ल पाण्यातल्या जाती त्यांची जागा घेतात. पीएच पाचाच्या खाली घसरलेला. त्या तळ्याभोवती लावलेलं जंगल नव्हतंच. बोट धुराड्यांकडे वळलं.

"पण त्या काळातलं पाणी मोजलेलं नसताना साडेपाच हा आकडा आला कुठून?" मी विचारलं. बँकेतला माणूस, पावती मागणारच.

उत्तर मुलाने दिलं. आधी आजची पुष्कळ तळी घ्यायची. प्रत्येकाचं पाणी मोजायचं आणि त्याच्याच गाळाच्या अगदी वरच्या थरातले डायटम मोजायचे. कोणती जात किती पीएचला, किती फॉस्फरसला सुखी आहे याचा तक्ता तयार होतो. मग जुना थर घ्यायचा आणि तक्ता उलटा वाचायचा. तक्ता जिथला, तिथेच तो नीट चालतो. युरोपातल्या तक्त्याने आपलं तळं वाचलं तर आकडा येईल, पण खरा असेलच असं नाही. आपल्याकडे एच. पी. गांधी यांनी १९५०-६० च्या दशकांत कोल्हापूर, जोगचा धबधबा, अहमदाबाद अशा ठिकाणच्या डायटमच्या जाती चित्रांसह नोंदवून ठेवल्या आहेत, तिथून सुरुवात करावी लागते.

तिसरा दिवस : विवरात

उजाडताच उतरायला लागलो. ऊन चढायच्या आत वर परत यायचं, हा पहिला नियम. खाली प्यायचं पाणी मिळत नाही, माणशी दोन लिटर तरी घ्या. चढताना तेच वजन कमी झालेलं असतं. बूट जुने घाला, का ते पुढे येतंय. हातात खाऊची पिशवी उघडी दिसू देऊ नका, माकडं तुमच्यापेक्षा चपळ आहेत.

वाटेत मोरांचे आवाज, मधूनच पडक्या देवळांचे दगड. पाण्याजवळ आलो आणि वास आला, सडक्या अंड्यांचा. कमळजा देवीच्या देवळापासून थोडं पुढे काठावर पाय टाकला आणि बूट घोट्यापर्यंत आत. काळा, तेलकट, चिकट गाळ. बूट काढायला वाकलो तर दुसरा पाय गेला. मुलाने हसत हात दिला.

मॅडमनी पीएचचा कागद बुडवला. गडद निळा. दहाच्या आसपास. समुद्राचं पाणी आठाच्या थोडं वर असतं, आणि या मोजपट्टीवर एक घर म्हणजे दहापट. पाइप दाबला, इथे मात्र तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. चाळीस सेंटिमीटर सुंदर पट्टेदार गाळ. मी मनात म्हटलं, हे घ्या पासबुक, एकही पान न फाटलेलं.

काठावरच्या दगडावर बसून थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. हिरवी, पिळदार, स्प्रिंगसारखी सूत्रं : स्पिरुलिना म्हणून जे गोळ्यांत विकतात, त्याचेच भाऊबंद. करंडा एकही नाही. दुसरा थेंब, तिसरा, खालच्या थरातला चौथा. काही नाही. काल धारेच्या एका थेंबात शंभर नावा होत्या आणि इथे चाळीस सेंटिमीटर गाळ कोरा.

"इथे डायटम राहतच नाहीत का?"

"काही जाती राहतात. खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात रमणारे आहेत की." मॅडम गाळाकडे बघत होत्या. "बारावीच्या प्रॅक्टिकलला कॉस्टिक सोड्याच्या बाटलीला कसलं बूच असायचं?"

रबरी. काचेचं बूच चिकटून बसतं म्हणून. कारण अल्क काचेला खातं.

तेवढ्यावर माझं डोकं उजळलं. पीएच नवाच्या वर गेला की सिलिका झपाट्याने विरघळायला लागते. इथलं पाणी दहाचं. डायटम मेला की त्याचं काचेचं घर हे तळं स्वतःच गिळतं. पाझर तलावात जेसीबीने पानं नेली होती. इथे पानं जागेवर आहेत, शाई धुतली जातेय. आणि कोणी कोऱ्या पानांवरून 'या काळात इथे डायटम नव्हते' असं लिहिलं, तर ते साफ चूक.

मॅडमनी आणखी एक सापळा दाखवला. धारेचा ओहोळ जिथे सरोवराला मिळतो, तिथल्या गाळात गोड्या पाण्यातले डायटम सापडतील. ते बघून कुणी म्हणेल, सरोवर गोडं होत चाललंय. प्रत्यक्षात ते पाहुणे, वाहत आलेले. म्हणून आम्ही मुद्दाम तिथलाही एक पाइप घेतला.

मग लोणारचा इतिहास गाळातून वाचताच येत नाही का? येतो, आणि झकास येतो, फक्त वाचायची लिपी वेगळी. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळातून दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. त्यात सुमारे ११ हजार वर्षांची नोंद मिळाली. काही थरांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक होते. पाणी आटून फार खारट होतं तेव्हा ते बनतात. त्यावरून मध्य भारतात पावसाने दीर्घकाळ ओढ दिल्याचे दोन काळ दिसले : एक ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. आजोबांच्या वावरातली ज्वारी आठवली. चौदाशे वर्षं पावसाची नाराजी म्हणजे किती पिढ्या?

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं तेव्हाही तऱ्हेतऱ्हेचे तर्क निघाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं, तर कारण निघालं खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया. त्याच वर्षी लोणार रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. मॅडमचा राग वेगळाच आहे. रंग बदलला की सगळे धावतात, रोज कोण मोजतं?

चढताना माझा दम पाच वेळा तुटला. गाळाचे पाइप मुलाच्या खांद्यावर, उभेच. आडवे केले तर थर मिसळतात. गावात येऊन दैत्यसूदन मंदिराचं कोरीवकाम बघितलं, पण खरं सांगतो, लक्ष चिखलाने भरलेल्या बुटांकडे होतं. ते बूट लोणारलाच टाकून आलो.

चौथा दिवस

परतीचा. पाइप मागच्या सीटवर सीट-बेल्ट लावून उभे, मॅडम पुढे, मुलगा पाइपांना मिठी मारून. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

तीन आठवड्यांनी

मॅडमच्या घरी मागच्या खोलीत प्रयोगशाळा आहे. गाळाचे एकेक सेंटिमीटरचे काप, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून तापवायचं. फसफसून सगळं सेंद्रिय जळून जातं, काच उरते. मग पाण्याने धुणं, निवळू देणं, परत धुणं, चार दिवस हेच. शेवटी हजारपट मोठं करून एका काचपट्टीवर साधारण चारशे शकलं मोजायची. करंड्याचे दोन भाग सुटे झालेले असतात, म्हणून अख्खा नाही, अर्धा मोजायचा. मी मोजायला बसलो आणि ११२ वर चुकलो. नोटा मोजणं सोपं आहे.

पाझर तलावाच्या काचपट्टीत ऑलाकोसिरा या डायटमच्या साखळ्याच साखळ्या. गढूळ, ढवळलेल्या पाण्यातला रहिवासी. खालच्या कापांपेक्षा वरच्यात निट्झिया पालिया जास्त, हा सेंद्रिय घाण सहन करणारा डायटम. म्हशी, खतं, दोन्हीकडे बोट जातं. वावरातल्या मातीत तुटकी शकलं मिळाली. नांगराने मोडलेली, पण नक्षी ओळखू येईल इतकी. धारेच्या दगडांवर भरपूर जाती, स्वच्छ पाण्यातल्या आणि चिवट अशा दोन्ही. त्यावरून धारेचं पाणी चांगलं की वाईट ते सांगा, म्हटलं तर मॅडमनी साफ नकार दिला. एका दिवसाच्या ब्रशवर निकाल नाही, वर्षातून चार वेळा घासायला हवं.

आणि लोणारचा मुख्य पाइप? शेकडो चौकटी सरकवल्यावर मोजकी शकलं. ओहोळाच्या मुखाशी घेतलेल्यात जरा जास्त, पण बहुतेक गोड्या पाण्यातली, म्हणजे पाहुणेच. कडा झिजलेल्या, नक्षी पुसट, चोखलेल्या खडीसाखरेसारखी. जाड काचेचे तेवढे टिकलेले. बारीक, नाजूक जाती आधी विरघळतात, म्हणजे उरलेल्यांवरून टक्केवारी काढली तरी ती खोटी. मुलगा म्हणाला, यावर एक स्वतंत्र प्रकरण होईल, 'काय सापडलं नाही' याचं.

परवा आजोबांचा फोन आला होता, मॅडमनी स्पीकरवर घेतला. तळ्याचा रिपोर्ट आला का? पाणी ढोरांना चालते का? मॅडमनी सांगितलं, गाळ आणि खताचा अंश वाढतोय, पण पिण्यालायक आहे का हे डायटम सांगत नाहीत, त्याला जंतूंची वेगळी तपासणी लागते, बाटली कशी भरायची ते मुलगा सांगेल.

मग मॅडमनीच विचारलं, "पुन्हा गाळ कधी काढणार?"

"या नाही तं पुढच्या उन्हायात. गाव म्हणून राह्यलं."

"जेसीबी लावायच्या आदल्या दिवशी मला फोन करा. मधोमध उभा खड्डा घेऊ द्या, एवढंच."

"या न. पण हुरडा नसन तवा."

माझ्याकडे बघून मॅडमनी विचारलं, मे महिन्यात रजा मिळेल का. नवे बूट घेतलेत, जुनेच बरे होते.